मावशीची अळंबी

मागच्या शनिवारी सांगलीला घरी गेलो तर ओट्यावर रेशी मश्रूमच्या पावडरीचा डबा. मावशीची भेट. "इम्युनिटी वाढते म्हणे," आई म्हणाली.

आईला नऊ वर्षं संधिवात आहे, ऱ्हुमॅटॉइड. सकाळी बोटं इतकी आखडतात की कुकरचं झाकण लागत नाही. दर बुधवारी मेथोट्रेक्सेट, आणि गुरुवार मळमळण्यात जातो. त्यामुळे 'नैसर्गिक' म्हटलं की तिचे डोळे चमकतात.

पण इम्युनिटी वाढवायची? प्रॉब्लेमच तो आहे! आमच्या भाषेत, अँटिव्हायरस सिस्टिम फाइल्स डिलीट करत सुटलाय, आणि मावशी त्याला आणखी रॅम देतेय.

रात्री वाचत बसलो. अळंबीत बीटा-ग्लुकॅन नावाच्या साखरेच्या लांब साखळ्या असतात. आपल्या पांढऱ्या पेशींवरचा डेक्टिन-१ हा रिसेप्टर त्यांना ओळखतो आणि पेशी 'बुरशी आली' समजून कामाला लागतात. जपानमध्ये १९७७ साली कॅन्सरच्या उपचाराला जोड म्हणून अळंबीपासून काढलेलं क्रेस्टिन मंजूर झालं, ते या जातीच्या साखळ्यांमुळेच. पण २००५ साली शिमोन साकागुची (२०२५ चं नोबेल मिळालेले तेच) यांच्या गटाने दाखवलं की संधिवाताचा जनुकीय कल असलेल्या उंदरांना बीटा-ग्लुकॅन टोचलं तर सांधे सुजतात. आता आई म्हणजे उंदीर नव्हे आणि चमचाभर पावडर म्हणजे इंजेक्शन नव्हे, हे मान्य. माणसांवर? हाँगकाँगची ६५ रुग्णांची चाचणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. रेशी आणि एक चिनी औषध, २४ आठवडे. फारसा अपाय नाही, पण सूज उतरल्याचंही दिसलं नाही.

गंमत म्हणजे ल्युपसमध्ये इम्युनिटी दाबायला देतात ते मायकोफेनोलेटही मुळात बुरशीचंच. तेव्हा 'नैसर्गिक' या शब्दावरून काहीच कळत नाही. असो.

सकाळी हे सगळं आईला ऐकवलं. ती गप्प. मग हळूच गोळ्यांची स्ट्रिप पुढे केली. डबा आल्यापासून दोन बुधवार गोळी घेतलीच नव्हती. उंदीरबिंदीर सगळं विसरून मी आधी डॉक्टरांना फोन लावला. "मळमळतं तर आधी सांगायचं ना, इंजेक्शनने देता येतं," ते म्हणाले. नऊ वर्षांत आम्ही कुणी विचारलंच नव्हतं.

काल मावशीचा आईला फोन आला होता. "घेतेय गं," असं आई म्हणाली म्हणे. डबा चहापावडरीच्या मागे आहे.