सहा आठवडे आणि पाच वर्षे

व्यापारी कुटुंबातील मुले धंदा शिकतात ती पेढीवर बसून. माल कसा पारखावा, उधारी कोणाला द्यावी, हे वडीलधाऱ्यांच्या शेजारी बसल्यानेच अंगवळणी पडते. लेखन मात्र उपजत देणगी असून ते शिकवता येत नाही, असा समज दृढ आहे. अमेरिकेतील ‘क्लॅरियन’ कार्यशाळेचा इतिहास पाहता हा समज तपासून घ्यावासा वाटतो.

१९६८ साली पेनसिल्व्हेनिया राज्यातील क्लॅरियन महाविद्यालयात रॉबिन स्कॉट विल्सन या प्राध्यापकांनी विज्ञानकथा व अद्भुतकथा लिहू इच्छिणाऱ्यांसाठी ही कार्यशाळा सुरू केली. डेमन नाइट व केट विल्हेल्म या लेखक दांपत्याचे त्यांना साहाय्य लाभले. सहा आठवड्यांच्या या निवासी वर्गात शिकवणारे लेखक पाळीपाळीने येतात. विद्यार्थी कथा लिहून सर्वांना वाचावयास देतात. मग सारे वर्तुळात बसतात व प्रत्येक जण क्रमाने आपले मत मांडतो. तोवर लेखकाने मौन पाळावयाचे. सर्वांचे बोलून झाल्यावरच त्याची पाळी येते. नियम कठोर भासतो. परंतु कथा छापून आल्यावर लेखकाला प्रत्येक वाचकाच्या घरी जाऊन खुलासा करता येत नाही. गिऱ्हाइकाची तक्रार मध्येच न तोडता ऐकून घेणारा दुकानदार हे सहज जाणेल.

१९७० साली या वर्गास ऑक्टेव्हिया बटलर नावाची तेवीस वर्षांची कृष्णवर्णीय तरुणी आली. कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथे तिचा जन्म झाला. वडील लहानपणीच वारले. आई परक्यांच्या घरी कामे करून संसार चालवीत असे. मुलगी दहा वर्षांची असताना तिच्या हट्टाखातर याच आईने तिला टंकयंत्र घेऊन दिले होते. कार्यशाळेच्या काळात तिच्या दोन कथा स्वीकारल्या गेल्या. आता मार्ग मोकळा झाला, असे कोणालाही वाटले असते. प्रत्यक्षात पुढील पाच वर्षे एकही कथा विकली गेली नाही. भांडी घासणे, फोनवरून माल विकणे, बटाट्याच्या वेफर्सची तपासणी करणे अशी कामे ती करीत राहिली, आणि पहाटे दोन वाजता उठून लिहीत राहिली. १९७६ साली पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली. १९९५ साली मॅकआर्थर फेलोशिप हा मोठा सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या विज्ञानकथालेखिका ठरल्या. पुढे क्लॅरियनमध्ये त्यांनी स्वतः शिकवलेही. २००६ साली त्यांचे निधन झाल्यावर, कृष्णवर्णीय व अन्य गौरेतर विद्यार्थ्यांना अशा कार्यशाळेस जाता यावे म्हणून त्यांच्या नावे शिष्यवृत्ती सुरू झाली.

त्या पाच वर्षांचा जमाखर्च मांडू गेल्यास जमेची बाजू कोरीच दिसते. सहा आठवड्यांत शिकलेली गोष्ट त्या काळात मुरत होती, याची नोंद कोणत्याही वहीत सापडणार नाही. नवी शाखा उघडल्यावर पहिली काही वर्षे तोटा सोसण्याची तयारी आपली कुटुंबे ठेवतात. घरातील एखाद्या मुलाने वा मुलीने लिहिण्याची इच्छा बोलून दाखवली, तर तिलाही तेवढीच मुदत द्यावयास काय हरकत आहे? त्या आईने टंकयंत्राची किंमत मोजली तेव्हा परतफेडीची तारीख ठरवली नव्हती.