बेहड्यावरचं घरटं

पहिल्यांदा कुठला पक्षी आवडला असं पक्षी बघणाऱ्यांना विचारलं, तर हळद्या, खंड्या, स्वर्गीय नर्तक अशी नावं निघतात. आमच्या दोघांचा, माझा आणि माझ्या मित्राचा, पहिला पक्षी गिधाड. म्हसळा तालुक्यातल्या आमच्या गावाबाहेर माळावर मेलेली जनावरं टाकायची जागा होती. शाळेतून येताना आम्ही वाट वाकडी करून तिकडे जायचो. आधी आभाळात एकच ठिपका फिरत असायचा. तो खाली उतरू लागला की कुठून कुठून बाकीचे यायचे. मानेशी पांढऱ्या पिसांची झालर, पाठीवर पांढरा पट्टा, आणि मग फिस्कारत, एकमेकांना रेटत जेवण. बघता बघता बैलाचा सांगाडा उरायचा. पोट भरलं की पंख पसरून उन्हात बसायची. आई मला आंघोळ केल्याशिवाय घरात घेत नसे. मित्र मात्र म्हणायचा, "ही नसती तर वासानं गावात राहवलं असतं का?"

पुढे तो ढोरांचा डॉक्टर झाला, मी मुंबईला बँकेत लागलो. पत्रं आधी लांबली, मग लग्नाच्या आमंत्रणांपुरती उरली, मग तीही थांबली. भांडण वगैरे काही नव्हतं. मलबार हिलला पारशांच्या डुंगरवाडीवर गिधाडं घिरट्या घालताना दिसली की तो हटकून आठवायचा. नव्वदच्या दशकात तिथलं आभाळही रिकामं होत गेलं.

ते सगळ्या देशातच होत होतं. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांनी गिधाडं मान टाकून बसलेली आणि झाडाखाली मरून पडलेली पाहिली. आधी संशय साथीच्या रोगावर गेला. 2004 साली पाकिस्तानातल्या संशोधनातून खरं कारण पुढे आलं: डायक्लोफेनॅक. सुजलेल्या, तापलेल्या गुरांना सर्रास देत असत ते स्वस्त औषध. औषध दिल्यावर जनावर लवकरच मेलं, तर ते त्याच्या मांसात राहतं. गिधाडाच्या पोटात गेलं की मूत्रपिंडं निकामी होतात, हृदयावर, यकृतावर खडूसारखा पांढरा थर साचतो आणि पक्षी काही दिवसांत मरतो. शंभरात एकाहून कमी जनावरं अशी विषारी असली तरी एवढा संहार होऊ शकतो, कारण एकाच जनावरावर शेकडो गिधाडं जेवतात, आणि जोडी वर्षाला एकच अंडं घालते. पांढऱ्या पाठीची गिधाडं देशात नव्व्याण्णव टक्क्यांहून जास्त कमी झाली.

डायक्लोफेनॅकची बातमी वाचून मी गावाकडून त्याचा नंबर मिळवला आणि फोन लावला. ख्यालीखुशाली दोन वाक्यांत आटोपली. मग तो म्हणाला, "अरे, ते इंजेक्शन मी स्वतः दिलंय. गाय तासाभरात उठून चारा खायला लागायची. शेतकरी हात जोडायचा." बराच वेळ आम्ही दोघंही गप्प होतो. तेव्हा हे कुणालाच माहीत नव्हतं, हे मी त्याला सांगितलं, आणि ते खरंच आहे. पण तेवढ्यानं त्याचं समाधान झालं नाही, आणि होऊ नये असंच मलाही वाटलं.

नुसत्या आठवणींवर जुनी मैत्री पुन्हा उभी राहते असं मला वाटत नाही. पहिल्या भेटीतच त्या संपतात, दुसऱ्या भेटीला बोलायला काही लागतं. आम्हाला ते गिधाडांनी दिलं. 2006 साली सरकारनं गुरांसाठी या औषधावर बंदी घातली. त्याऐवजी देता येणारं मेलॉक्सिकॅम हे औषध गिधाडांना सुरक्षित असल्याचंही दिसून आलं होतं. पण माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोचतच राहिल्या; 2015 मध्ये त्या तीन मिलिलिटरपुरत्या छोट्या झाल्या. मधल्या काळात डॉक्टर गावोगाव फिरून गुराख्यांना, औषधाच्या दुकानदारांना समजावत होता. रजा मिळाली की मी त्याच्याबरोबर हिंडायचो.

आमच्याच तालुक्यातल्या चिरगावला त्यानं मला दुर्बिणीतून घरटं दाखवलं. उंच बेहड्याच्या फांदीच्या बेचक्यात काटक्यांचा ढीग, त्यात राखाडी लवेचं पिल्लू. मोठं गिधाड आलं, पाय पुढे टाकून जड अंगानं फांदीवर टेकलं. पिल्लानं मान वर केली, आणि आईनं की बापानं गळ्यातलं अन्न वर आणून त्याच्या चोचीत दिलं. दोघंही पाळीपाळीनं घरटं राखतात, त्यामुळे नर की मादी हे लांबून सांगता येत नाही. डॉक्टरनं दुर्बीण माझ्याकडून काढून घेतली ती परत दिलीच नाही.

आता आमचा वाद अन्नावर असतो. कोकणात बैल कमी झाले, नांगराच्या जागी पॉवर टिलर आले, मेलेलं जनावर पुरून टाकतात. औषध थांबलं तरी गिधाडांनी खायचं काय? मेलेली जनावरं मुद्दाम आणून ठेवावीत, असं मी म्हणतो. त्याला ते पुरेसं वाटत नाही. गावातली गुरं टिकली पाहिजेत, आणि मेलेली उघड्यावर टाकायला गावानं तयार व्हायला हवं, असं त्याचं म्हणणं. परवा फोनवर हेच चाललं होतं. शेवटी तो म्हणाला, "ते इथे आल्यावर बोलू. मार्चच्या आत ये, पिल्लू अजून घरट्यात आहे."