काळा डाग आणि तुझी घाई

प्रिय मावशी,

"काळं आहे म्हणजे वाईटच असणार, काढून टाका म्हणावं एकदाचं," असं तू परवा फोनवर म्हणालीस. मागे सगळ्यांचा गलका चालू होता, म्हणून तेव्हा बोललो नाही. आता सविस्तर लिहितो.

चष्म्याचा नंबर काढायला गेलीस आणि थेंब घालून पडदा तपासताना हा डाग सापडला. बहुतेकांचा असाच अवचित सापडतो, कारण तो दुखत नाही आणि सहसा नजरही कमी करत नाही. तू पाठवलेला फोटो मी मोठा करून पाहिला. डोळ्याची नस जिथून निघते ती फिकट तांबूस चकती, आणि तिच्या खालच्या भागावर बसलेला काळाकुट्ट गोळा. त्याची कड मात्र पिसासारखी विस्कटलेली. हा रंग, ही जागा आणि ही कड पाहूनच डॉक्टरांनी मेलॅनोसायटोमा म्हटलंय. या गाठीच्या पेशींत रंगद्रव्य इतकं ठासून भरलेलं असतं की सूक्ष्मदर्शकाखालीसुद्धा आधी रंग उतरवावा लागतो, तेव्हा कुठे पेशीचं केंद्रक दिसतं. मेलॅनोमा, म्हणजे कॅन्सरची गाठ, बहुधा इतकी काळी नसते. तू ज्या काळेपणाला घाबरलीस, तो इथे उलट दिलासा देणारा आहे गं.

आणि काढायचं म्हणजे काय, तेही ऐक. नजर शाबूत ठेवून नसेवरची गाठ तेवढी कापून काढता येत नाही. तुकडा काढून तपासायला गेलं तरी नजरेला धोका. पूर्वी अशा गाठींपायी अख्खे डोळे काढले गेले. 1962 साली अमेरिकेत झिमरमन आणि गॅरन यांनी ही साधी गाठ वेगळी ओळखून दाखवली. 1964 साली फेरी यांनी मेलॅनोमा समजून काढलेले डोळे तपासले, तर पाचांतल्या जवळजवळ एका डोळ्यात मेलॅनोमा नव्हताच! हे वाचताना मला आजही चटका बसतो. पुढे तपासण्या सुधारल्या. 1990 साली तिथल्याच एका मोठ्या अभ्यासात 413 डोळ्यांपैकी फक्त 2 डोळ्यांचं निदान चुकलेलं निघालं.

म्हणून डॉक्टर "नुसतं बघत राहू" म्हणाले, तर ते तुला टाळतायत असं समजू नकोस. पण साधी गाठ आहे म्हणून तूही विसरू नकोस. काहींची गाठ सावकाश वाढते, आणि शंभरातल्या एखाद-दुसऱ्याची पुढे कॅन्सरमध्ये बदलते. मागचा फोटो शेजारी ठेवल्याशिवाय ती वाढ कळत नाही. तेव्हा डॉक्टरांनी दिलेली तारीख चुकवायची नाही, आणि पहिला फोटो फाइलीत जपून ठेवायचा. डॉक्टर बदलले तरी तो सोबत न्यायचा. मध्येच अंधुक दिसायला लागलं, तर तारखेची वाट न बघता सरळ जायचं.

पुढच्या तपासणीला मी येतो. थेंब घातल्यावर काही तास धूसर दिसतं, ऊन सहन होत नाही. तेव्हा एकटीने एसटीत बसू नकोस.

तुझा,
बाळू