तेल कुठे जाते?

पुणे जिल्ह्यातील शेतकऱ्याला डिझेल इंजिन परके नाही. विजेच्या तारा शिवारात पोहोचण्यापूर्वी कित्येक विहिरींचे पाणी इंजिनांनीच उपसले. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी पुण्यात १९४६ साली स्थापन झाली आणि पुढे खडकीची इंजिने गावोगाव जाऊन पोहोचली. आज तेच यंत्र ट्रॅक्टर, टेम्पो आणि जीप यांच्या पोटात बसून आपला संसार ओढत आहे. तरीही ते म्हातारे होऊन 'ऑइल पिऊ' लागले, की आपण एकदम निकालावर येतो: इंजिन गेले! या घाईविषयीच चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटले.

पुणे-सोलापूर महामार्गावर उरुळी कांचन सोडून यवतकडे निघाले की दौंड तालुक्यातील कासुर्डी लागते. तेथे आमचे थोरले बंधू शेती करतात. त्यांच्याकडे वीस वर्षांची एक टर्बो डिझेल जीप आहे. पर्यावरण कर भरून तिच्या नोंदणीचे नूतनीकरणही झालेले आहे. रोज सकाळी दुधाचे कॅन पोहोचवायचे, रविवारी आईला आणि वस्तीवरील वृद्धांना मिस्सेला न्यायचे आणि सप्टेंबरात चौफुला, न्हावरे, शिरूर, अहिल्यानगर या मार्गाने हरेगावच्या मातमाउलीच्या यात्रेला जायचे, हा तिचा नेम. आईला आता एस.टी.ची पायरी चढवत नाही. त्यामुळे ही जीप म्हणजे तिच्यापुरती चर्चची वाटच होय.

गेल्या वर्षी या जीपचे ऑइल कमी होऊ लागले. प्रथम हजार किलोमीटरला एक लिटर, पुढे पाचशेलाच एक लिटर. मागे निळसर धुराचा पदर. एका गॅरेजमध्ये ऑइलचे झाकण उघडले, आतून वाफेसारखा धूर आला आणि तेथल्या तेथे निवाडा झाला: फुल इंजिन करावे लागेल, खर्च ६० ते ७० हजार रुपये. नेमकी तेवढीच रक्कम पुतणीच्या परिचारिका प्रशिक्षणासाठी बाजूला काढून ठेवलेली होती.

बंधू वैतागून म्हणाले, "भंगारात घालू."

वहिनी शांतपणे म्हणाल्या, "घाला की. पण अहो, आईंना मिस्सेला कशानं न्यायचं ते आधी सांगा. आणि पोरीच्या पैशाला हात लावायचा नाही."

अखेर यवतच्या एका वयस्कर मिस्त्रींकडे आम्ही दोघे भाऊ जीप घेऊन गेलो. त्यांनी पान्हा हाती घेण्याआधी प्रश्नच फार विचारले. धूर केव्हा येतो? सकाळी पहिल्यांदा चालू करताना, की चढावर? उतारावर पाय काढल्यावर, की बराच वेळ जागेवर चालू ठेवून मग रेस दिल्यावर? मग म्हणाले, "दादा, ऑइल हवेत इरत न्हाई. ते गळतं, न्हाईतर जळतं. कुठून जातंय ते आधी हुडकू. खोलायचं काम शेवटचं."

त्यांच्या प्रश्नांमागील शास्त्र आम्ही नंतर समजून घेतले. रात्रभर उभी राहिलेली गाडी चालू करताना क्षणभर निळा धूर आला, तर संशय व्हॉल्व्हच्या सीलांवर आणि गाइडांवर जातो. हेडमधले ऑइल रात्रीतून थेंबथेंब खाली उतरलेले असते. ओझे ओढताना धूर सतत येत असेल, तर पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या किंवा काजळीने चिकटून बसलेल्या असू शकतात. जागेवर बराच वेळ चालून मग रेस देताच धुराचा लोट आला, तर टर्बोकडे पाहावे.

रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन १८९७ साली यशस्वी झाले. वाया जाणाऱ्या धुराच्याच जोरावर त्यात जास्त हवा कोंबण्याच्या कल्पनेचे पेटंट स्वित्झर्लंडचे आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली घेतले. तोच हा टर्बो. जीपमधल्या लहान टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो आणि ऑइलच्या अतिशय पातळ थरावर तरंगत फिरतो. ते ऑइल दाबाने वर येते. परत जाताना मात्र केवळ स्वतःच्या वजनाने, एका नळीतून चेंबरमध्ये उतरते. खाली वाट मोकळी नसेल, तर ते दांड्याच्या सीलमधून हवेच्या बाजूला शिरते आणि तेथून सिलिंडरमध्ये जाऊन जळते. टर्बो बिचारा निर्दोष असतो. दोष वाटेचा असतो.

ती वाट कशाने अडते? रिंगांच्या कडेने थोडा वायू नेहमीच खाली निसटतो. तो ब्रीदरच्या नळीवाटे बाहेर पडावा लागतो. ब्रीदर गाळाने तुंबला, की इंजिनाच्या पोटात दाब वाढतो आणि टर्बोचे ऑइल खाली उतरेनासे होते. दुसऱ्या बाजूने एअर फिल्टर कोंदला असेल, तर टर्बो हवेसाठी तडफडतो आणि ऑइलच ओढून घेतो. आमच्या भागात हंगामात गुऱ्हाळांची राख, चिपाडांचा भुसा आणि रस्त्याची धूळ यांना तोटा नाही.

मिस्त्रींनी प्रथम गाडीखाली रात्रभर पुठ्ठा अंथरून ठेवायला लावला, गळती नव्हती. मग फिल्टर काढला. तो विटेसारखा जड झाला होता. ब्रीदरची नळी काळ्या चिखलाने जवळजवळ बंद होती. टर्बोचा होज काढून त्यांनी दांडा बोटांनी हलवून पाहिला. खेळ बेताचा होता. इंटरकूलरमध्ये मात्र वाटीभर ऑइल साचले होते. होजमध्ये ऑइलचा हलका थर असणे स्वाभाविक. साचलेले तळे स्वाभाविक नव्हे. हे तळे धोक्याचेही असते. ते एकदम आत ओढले गेले, तर इंजिन स्वतःच्याच ऑइलवर सुसाट सुटते आणि किल्ली फिरवूनही थांबत नाही. अशा वेळी ब्रेक घट्ट दाबून, वरचा गिअर टाकून क्लच सोडावा आणि इंजिन बंद पाडावे. हवेच्या तोंडाशी हात कदापि नेऊ नये.

इंटरकूलर धुतला, ब्रीदर आणि परतीची नळी साफ केली, फिल्टर नवा घातला, योग्य प्रतीचे ऑइल पट्टीवरील खुणेपर्यंतच भरले. कारण जादा भरलेले ऑइलही जळूनच जाते. शेवटी कॉम्प्रेशन मोजले. तीन सिलिंडर ठीक, एक थोडा उणा. सारा खर्च काही हजारांत भागला. मिस्त्रींनी दोन पथ्ये सांगितली. लांबून आल्यावर इंजिन एक मिनिट जागेवर चालू ठेवून मग बंद करायचे, नाहीतर तापलेल्या टर्बोत ऑइलचा कोळसा होतो. आणि दर रविवारी सकाळी, सपाट जागेवर, इंजिन थंड असताना पट्टी पाहून आकडा लिहून ठेवायचा. आता वहिनींच्या कॅलेंडरवर सणांच्या शेजारी ऑइलचेही आकडे दिसतात. ते सांगतात की एक लिटर आता दोन हजार किलोमीटरला लागते.

लूकच्या शुभवर्तमानातील तेराव्या अध्यायात फळ न देणाऱ्या अंजिराच्या झाडाचा दाखला आहे. मालक ते तोडायला सांगतो. माळी आणखी एका वर्षाची मुदत मागतो. हा माळी झाड चांगले आहे असे म्हणत नाही, हे आम्हांला विशेष वाटते. तो भोवती खणीन, खत घालीन असे म्हणतो आणि तरीही फळ आले नाही तर तोडण्यास त्याची हरकत नाही. त्याची दया आळशी नाही. तिला कष्ट आहेत आणि मर्यादाही आहे. आपल्या घरांत, धर्मग्रामांत एखाद्या माणसाविषयी "तो कामातून गेला" असे आपण झाकण उघडताच बोलून मोकळे होतो. त्याचा श्वास कुठे कोंडला आहे, हे विचारण्याचे कष्ट कोण घेतो?

जीप म्हातारी आहे ती आहेच. तो उणा सिलिंडर आणखी झिजेल आणि एक दिवस इंजिन उघडावेच लागेल. त्यासाठी बंधू दुधाच्या पैशांतून दरमहा थोडी रक्कम वेगळी ठेवत आहेत. पुतणीचे पहिले वर्ष सुरू झाले आहे.