रागाचं इंग्रजी

स्पोकन इंग्लिशच्या पुस्तिकांमध्ये रागाचा एक धडा हमखास असतो. त्यात राग जिन्यासारखा मांडलेला असतो. सगळ्यात खाली 'अनॉइड', मग 'इरिटेटेड', मग 'फ्रस्ट्रेटेड', मग 'अँग्री' आणि वरच्या टोकाला 'फ्युरिअस'. शेजारच्या चौकटीत सल्ले: खालच्या पायरीवर असतानाच बोला. दहापर्यंत आकडे मोजा. वाक्याची सुरुवात 'यू'ने करू नका, 'आय फील'ने करा.

मी एटापल्लीत संध्याकाळी असा वर्ग घेतो. येणारी मुलंमुली अठरा ते पंचवीस वयाची. बरीचशी सूरजागडच्या आसपासच्या गावांमधली, तालुक्याला खोली करून राहणारी. त्यांच्या घरात माडिया, शाळेत मराठी आणि आता नोकरीच्या मुलाखतीसाठी इंग्रजी. मुलाखतीत 'राग आला तर तुम्ही काय करता?' असं हमखास विचारतात, म्हणून हा धडा मुलं मन लावून शिकतात.

शिकवताना पहिली अडचण येते ती मराठीची. आपल्याकडे राग जिन्यावर बसत नाही. रुसवा फक्त आपल्या माणसावर असतो, परक्यावर कोणी रुसत नाही. वैताग परिस्थितीचा येतो. चीड अन्यायाची येते. त्रागा माणूस स्वतःलाच करून घेतो. आणि तळतळाट असतो तो ज्याच्या हातात दुसरं काहीच उरलेलं नाही त्याचा. मराठी शब्द विचारतो, राग कोणाचा आणि कोणावर? पुस्तिकेतला जिना विचारतो, किती?

'राग' हा शब्दही मजेशीर आहे. संस्कृतात त्याचा अर्थ रंग, ओढ, प्रेम. 'अनुराग'मध्ये तो अर्थ अजून शिल्लक आहे, मराठीत मात्र तोच शब्द संतापाचा झाला. इंग्रजी 'अँगर' जुन्या नॉर्स भाषेतल्या 'अंग्र'वरून आला, आणि त्याचा अर्थ होता दुःख, क्लेश. हे वर्गात सांगितलं की मुलं गप्प होतात. रागाच्या आत काहीतरी दुखत असतं, हे त्यांना कोणी समजावून द्यावं लागत नाही.

'आय फील'वाली वाक्यं आली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉमस गॉर्डन यांच्याकडून. आईबाप आणि मुलांमधली भांडणं कमी व्हावीत म्हणून १९६०च्या दशकात त्यांनी ही पद्धत मांडली. 'तू बेजबाबदार आहेस' म्हणण्याऐवजी 'तू उशिरा आलास की मला भीती वाटते' असं म्हणायचं. ही युक्ती चालते, मी पाहिलंय. वर्गातल्या एकाचा भाऊ खनिजाचा ट्रक चालवतो आणि बापाला खाण नको आहे. एकाच चुलीवर जेवणारी दोन माणसं महिनोन्‌महिने बोलत नव्हती. या पोराने गृहपाठाचं वाक्य भावाला माडियात म्हणून दाखवलं, 'तुम्ही दोघं बोलत नाही तेव्हा मला घरात यावंसं वाटत नाही.' भाऊ काही बोलला नाही, पण त्या रात्री बापाच्या शेजारी जेवायला बसला. सूरजागडच्या भोवती अशी घरं कमी नाहीत. पगार हवा असलेले आणि डोंगर हवा असलेले एकाच छपराखाली राहतात. तिथे 'आय फील' शिकलेलं बरं.

पण पुस्तिका ही वाक्यं फक्त घरासाठी देत नाही. साहेबाशी, ग्राहकाशी, कार्यालयाशी, सगळीकडे हीच वापरा म्हणते. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ साली विमानातल्या सेविकांवर आणि थकलेली वसुली करणाऱ्या लोकांवर एक पुस्तक लिहिलं. सेविकांना प्रवाशाने कितीही त्रास दिला तरी राग गिळून हसायला शिकवलं जायचं. वसुलीवाल्यांना उलट, समोरच्यावर आवाज चढवायला. म्हणजे राग कोणी गिळायचा आणि कोणी दाखवायचा, हेही नोकरी ठरवते. आमच्या पुस्तिकेत फक्त गिळणाऱ्यांचा धडा आहे.

हे ध्यानात आलं एका गृहपाठामुळे. वाक्य पुरं करायचं होतं: 'आय फील अमुक, व्हेन तमुक.' बहुतेकांनी मित्र उशिरा येतो, मोबाईलला रेंज नसते असं लिहिलं. एका मुलीने दुसरा भाग आधी लिहिला. रस्त्यावरून ट्रक जातात तेव्हा लाल धूळ आमच्या धानावर बसते. मग पहिल्या भागासाठी तिने मला शब्द विचारला. 'अनॉइड' म्हटलं तर तिलाच हसू आलं. 'फ्रस्ट्रेटेड'चं मूळ लॅटिनमध्ये 'व्यर्थ' असं आहे, तेही तिला पटेना. म्हणाली, "सर, मला काय वाटतं ते कशाला सांगू? धूळ बसते ते सांगायचंय."

तिला हवा असलेला शब्द रागाच्या धड्यात नव्हताच. तो होता 'ऑब्जेक्ट'. आय ऑब्जेक्ट. माझी हरकत आहे.

हा शब्द भावनेचा नाही, कामाचा आहे. सूरजागडच्या डोंगरावरच्या लोहखनिजाचा पट्टा २००७ साली दिला गेला. २०१६ मध्ये खाणकाम सुरू झालं. त्याच डिसेंबरात माओवाद्यांनी तिथली कित्येक डझन वाहनं जाळली आणि काम थांबलं. २०२१ मध्ये ते पुन्हा सुरू झालं. उत्खनन वर्षाला ३० लाख टनांवरून एक कोटी टनांवर न्यायचं ठरलं, तेव्हा ऑक्टोबर २०२२ मध्ये गडचिरोलीत जनसुनावणी झाली. २०२३ मध्ये वाढीला पर्यावरण मंजुरी मिळाली.

जनसुनावणीचे नियम २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेत आहेत. किमान ३० दिवस आधी सूचना द्यायची. अहवालाचा सारांश इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत द्यायचा. कामकाजाचं चित्रीकरण करायचं. शेवटी लोकांनी मांडलेल्या मुद्द्यांचा गोषवारा त्यांच्या भाषेत वाचून दाखवायचा. नियम वाईट नाहीत. पण त्यातला शब्द बघा, लोकांचे 'व्ह्यूज' आणि 'कन्सर्न्स'. आजी माडियात संतापून बोलते, कोणीतरी ते मराठीत सांगतं, कागदावर ते इंग्रजीत उतरतं. निघताना तो संताप असतो, पोचेपर्यंत त्याची 'काळजी' झालेली असते.

या जिल्ह्यात आवाज चढवणं सोपं नाही. एकीकडे माओवाद्यांची बंदूक, दुसरीकडे पोलिसांची. मधल्या माणसाने मोठ्याने बोललं की तो कोणाचा, हाच प्रश्न आधी निघतो. त्यामुळे आमच्या मुलांना राग आवरायला शिकवणं म्हणजे गाईला चरायला शिकवणं. त्यांना उणीव आहे ती आवरलेला राग कागदावर ठेवता येईल अशा भाषेची. वनहक्क कायद्याने, पेसाने ग्रामसभेला बोलायची जागा दिली आहे. दर जानेवारीत सूरजागडच्या डोंगरावर ठाकूरदेवाची यात्रा भरते, तिथे पूजेबरोबर या हक्कांचीही चर्चा होते. ग्रामसभेचा ठराव मराठीत होतो, पण त्याच्या पुढचा प्रवास बऱ्याचदा इंग्रजीत असतो.

म्हणून आता मी रागाचे दोन धडे घेतो. पहिला पुस्तिकेतला, घरच्या माणसांसाठी. दुसरा फाईलसाठी. त्यात 'फील' येत नाही. त्यात असतं 'ऑब्जेक्ट', 'ग्रीव्हन्स', 'कन्सेंट', 'रिझोल्यूशन', 'अक्नॉलेजमेंट'. शेवटचा शब्द मुलं सगळ्यात आधी पाठ करतात, कारण पोच घेतली नाही तर कागद दिलाच नव्हता असं होतं. वाक्याची बांधणीही वेगळी: कुठे, कधीपासून, काय, किती, आणि काय व्हायला हवं. त्या मुलीने धुळीचं वाक्य असं लिहिलं की त्यात शेताचा गट क्रमांक होता, ट्रक मोजल्याची तारीख होती आणि वजनाची पावती होती, आदल्या वर्षीच्या आणि या वर्षीच्या धानाची. राग कुठेच लिहिलेला नव्हता. वाचणाऱ्याला तो दिसल्याशिवाय राहिला नसता.

तिच्या अर्जाला अजून उत्तर आलेलं नाही. परवा तिने विचारलं, आता पुढे काय करायचं? मी तिला 'तक्रार' या शब्दाचं मूळ सांगितलं. तो अरबीतून आला, आणि तिकडे त्याचा अर्थ आहे पुन्हा पुन्हा करणं.

तिने पहिल्या अर्जाची पोच बाहेर काढली आणि दुसऱ्या अर्जात विषयाखाली संदर्भ म्हणून तिचा क्रमांक लिहिला.