सॅफोचे मरण

गुस्ताव्ह मोरो या फ्रेंच प्रतीकवादी चित्रकाराने १८७०च्या दशकात सॅफोचा मृत्यू रंगविला: कड्याच्या पायथ्याशी भरजरी वस्त्रांतील तरुण देह आणि लायर. नावाडी फाओनवरील प्रेमापायी तिने ल्यूकासच्या कड्यावरून उडी घेतली, ही आख्यायिका तिच्यानंतर सुमारे तीन शतकांनी मिनॅन्डरच्या नाटकात आढळते. अलेक्झांड्रियात अनेक खंडांत संपादिलेली तिची कविता बहुतांशी हरवली; मरण तेवढे उरले. २००४ साली इजिप्तमधील पपायरसवरून प्रसिद्ध झालेल्या तिच्या कवितेत मात्र पांढरे झालेले केस आहेत, शरीर न पेलणारे गुडघे आहेत. चित्रातील देहाला हे वार्धक्य ठाऊकच नाही. कवितेतील ‘मी’ म्हणजे सॅफोच, असे मानणे हीही आख्यायिकाच ठरेल. पण ती निदान तिच्या शब्दांतून उगवलेली असेल.