घड्याळ घेण्याआधी

मागच्या दिवाळीत माझ्या लॅपटॉपवर एक एक्सेल शीट तयार झाली. अकरा ओळी, सतरा रकाने. ओळींमध्ये धावणाऱ्यांसाठीची जीपीएस घड्याळं, रकान्यांमध्ये किंमत, वजन, बॅटरी, सेन्सर वगैरे. डिसेंबर संपेपर्यंत शीटला तीन टॅब झाले आणि माझं धावणं आठवड्यातून चार दिवसांवरून दोनवर आलं. बायको एकदा चहा ठेवता ठेवता म्हणाली, "घड्याळ येईपर्यंत धावायचं विसरू नकोस म्हणजे झालं."

आपल्या मासिकाच्या वाचकांपैकी बरेच जण माझ्याच वयाचे, खुर्चीत बसून काम करणारे आणि अलीकडे पळायला लागलेले आहेत. मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत हल्ली "कोणतं घड्याळ घेतलंस?" हा प्रश्न दोन-तीनदा तरी कानावर येतो. म्हणून ही गोष्ट सगळी सांगतो.

आम्ही भोपाळचेच. आजोबा नोकरीसाठी इथे आले, बाबा इथे वाढले, मी इथेच बीई केलं आणि आता कोटरा सुल्तानाबादच्या घरातूनच एका कंपनीचं काम करतो. दीड वर्षापूर्वी कंपनीच्या आरोग्य तपासणीत माझं कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं आणि मी पळायला लागलो. पहाटे घरातून निघायचं, भदभदा रोडला लागायचं, पुलापर्यंत जाऊन परत यायचं. पावसाळ्यात मोठ्या तलावाची पातळी १६६६.८० फुटांवर गेली की भदभद्याचे दरवाजे उघडतात. हा आकडा भोपाळच्या पोराटोरांनाही पाठ असतो. त्या दिवसांत पुलावर पाणी बघायला इतकी गर्दी असते की पळणं सोडाच, चालताही येत नाही.

तर घड्याळ. सुरुवातीला फोन हातात धरून पळायचो. मग दिवाळीला पुण्याहून चुलत भाऊ आला, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणतो. त्याच्या मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि माझ्यातला इंजिनिअर जागा झाला.

वाचायला लागलो तेव्हा खरोखर मजा आली. आपल्याला वाटतं घड्याळ अंतर मोजतं. ते खरं तर ऐकत असतं. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरणारे जीपीएसचे उपग्रह सतत वेळ सांगत असतात. तो संदेश आपल्यापर्यंत पोचायला सेकंदाचा साधारण चौदावा भाग लागतो. निदान चार उपग्रहांचे संदेश किती उशिरा पोचले, यावरून घड्याळ आपली जागा काढतं. वेळेत एका मायक्रोसेकंदाची चूक झाली तर अंतरात ३०० मीटरची होते. पूर्वी अमेरिका सामान्य लोकांसाठीचा सिग्नल मुद्दाम बिघडवून पाठवायची. मे २०००मध्ये ते बंद झालं आणि २००३मध्ये गार्मिनची पहिली फोररनर घड्याळं बाजारात आली. म्हणजे ही सगळी वस्तूच माझ्या शाळकरी दिवसांतली.

मग माझ्या शीटमधल्या सर्वांत महागड्या रकान्याचा अर्थ कळला: ड्युअल फ्रिक्वेन्सी. उंच इमारतींवर आपटून येणारा सिग्नल उशिरा पोचतो आणि घड्याळ फसतं, तुम्हाला समोरच्या बिल्डिंगमधून पळालेलं दाखवतं. दोन वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी ऐकणारं घड्याळ असा खोटा सिग्नल जास्त चांगला ओळखतं. लोअर परळच्या टॉवरांमधून पळणाऱ्याला याचा उपयोग आहे. कोटऱ्यात दोन-तीन मजली घरं, पुढे तलावाच्या बाजूचं मोकळं आकाश. मी त्या रकान्यासाठी काही हजार रुपये जास्त मोजायला निघालो होतो.

तरी खात्री हवी म्हणून ऑफिसमधल्या एका मित्राचं घड्याळ पंधरा दिवसांसाठी मागून आणलं आणि टी. टी. नगर स्टेडियमच्या ट्रॅकवर गेलो. टी. टी. म्हणजे तात्या टोपे, हे आपल्या मुलांना एकदा सांगून ठेवावं. ट्रॅकची एक फेरी ४०० मीटर, म्हणजे दहा फेऱ्यांचे बरोबर ४ किलोमीटर झाले पाहिजेत. घड्याळाने ४.१६ दाखवले. मला मनातून आनंदच झाला, चूक सापडली! शेजारी स्ट्रेचिंग करणाऱ्या एका काकांना मी ते कौतुकाने दाखवलं. ते शांतपणे म्हणाले, "भैया, आप तीसरी लेन में दौड़ रहे थे. चार सौ तो पहली लेन का होता है."

घरी येऊन हिशेब केला. तिसऱ्या लेनची फेरी जवळजवळ ४१५ मीटरची असते. दहा फेऱ्या म्हणजे ४.१५. घड्याळ दहा मीटरने चुकलं होतं, मी दीडशे मीटरने.

त्या पंधरा दिवसांत आणखी एक गोष्ट लक्षात आली. स्क्रीनवर 'आत्ताचा वेग' दिसतो तो सारखा वरखाली होतो, कारण दर सेकंदाला जागेत दोन-तीन मीटरचा फरक पडला तरी वेगाचा आकडा उडी मारतो. त्याच्या मागे लागलं की आपण उगाच कधी धावतो, कधी थबकतो. पूर्ण किलोमीटरचा सरासरी वेग बघावा, तो भरवशाचा असतो. माझा तेव्हा किलोमीटरला सात मिनिटं वीस सेकंद होता. बीड जिल्ह्यातल्या अविनाश साबळेने २०२०मध्ये दिल्लीत अर्धमॅरेथॉन एक तास तीस सेकंदांत पळून राष्ट्रीय विक्रम केला. त्याचा किलोमीटरमागे हिशेब केला तर दोन मिनिटं बावन्न सेकंद येतात. हे वाचून मी वेगाचा रकाना शीटमधून काढूनच टाकला.

इथपर्यंत गंमत होती. पुढचं तसं नाही.

जानेवारीतली पहाट होती, भोपाळची हाडं गोठवणारी थंडी. भदभदा रोडवर सावकाश पळत होतो, श्वास लागलेला नव्हता. सहज मनगटाकडे बघितलं तर हृदयाचे ठोके १७८. माझ्या वयाला, २२० वजा ३६ या सूत्राने, कमाल ठोके १८४ येतात. मी जागच्या जागी थांबलो आणि रस्त्याकडेच्या कठड्यावर बसलो. हातपाय थंड पडले, ते नुसत्या हवेने नव्हे.

बाबा गेले तेव्हा ५६ वर्षांचे होते. सकाळी फिरून आले, पेपर उघडला, छातीत दुखतंय म्हणाले. दवाखान्यात पोचण्याआधीच सगळं संपलं. त्यांचे मोठे भाऊ, म्हणजे दादाचे वडील, तेही साठीच्या आत असेच गेले. आमच्या घरी यावर कुणी बोलत नाही. फक्त मी पळायला निघालो की आई फाटकापर्यंत येते आणि "कितीला येशील?" एवढंच विचारते.

कठड्यावर बसून मी मानेवर दोन बोटं ठेवली आणि मोजलं. पंधरा सेकंदांत चौतीस ठोके, म्हणजे मिनिटाला १३६. आणि तेही घाबरलेला असताना.

मग १७८ कुठून आले? मनगटावरचं घड्याळ त्वचेवर हिरवा प्रकाश टाकतं. रक्त तो प्रकाश शोषून घेतं. दर ठोक्याला रक्ताचं प्रमाण कमीजास्त होतं तसा परत येणारा प्रकाश बदलतो, त्यावरून ठोके मोजले जातात. थंडीत कातडीखालचं रक्त कमी होतं. पट्टा सैल असेल तर हाताच्या झोक्याबरोबर घड्याळ हलतं आणि ठोक्यांऐवजी पावलांची लय पकडतं. नंतर अॅपमध्ये पाहिलं, त्या वेळची माझी पावलं मिनिटाला १७८च होती. दोष घड्याळाचा कमी, माझ्या सैल पट्ट्याचा जास्त.

हे सगळं मी घरी येऊन बायकोला मोठ्या उत्साहाने समजावून सांगितलं. सेन्सर, प्रकाश, पावलांची लय. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "ते कळलं. पण १७८ बघून तू खाली का बसलास?"

मला उत्तर देता आलं नाही. ती पुढे म्हणाली, "तीन महिने तू घड्याळ बघतोयस. त्या शीटमध्ये एकदा तरी डॉक्टर लिहिलायस का?"

तेव्हा मला माझीच शीट नव्याने दिसली. सतरापैकी सहा रकाने हृदयाशी संबंधित होते. ठोके, ईसीजी, ऑक्सिजन, विश्रांतीतले ठोके, सूचना, आणखी काय काय. पळणाऱ्या माणसाला लागतात त्यापेक्षा कितीतरी जास्त. मला मनगटावर असं काहीतरी हवं होतं जे रोज सांगेल, बाबांसारखं तुला होणार नाही.

दुसऱ्या आठवड्यात हृदयरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी घरातली सगळी माहिती विचारली. कोण कितव्या वर्षी गेलं, कसं गेलं. रक्त तपासलं, साधा ईसीजी काढला, मग टीएमटी, म्हणजे छातीला तारा लावून ट्रेडमिलवर चालवतात ती तपासणी. दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ वाढतो. मी त्यांना घड्याळातल्या ईसीजीबद्दल विचारलं. ते म्हणाले, "ते ठोक्यांची लय पाहतं. लय बिघडली तर सांगेल, ते चांगलंच आहे. पण रक्तवाहिनीत काय साचलंय ते त्याला दिसत नाही, आणि हार्ट अटॅक ओळखायला ते बनवलेलंच नाही."

टीएमटी ठीक आली. कोलेस्टेरॉल मात्र अजून वाढलेलंच होतं. गोळी सुरू झाली, जेवणात बदल झाले, दर सहा महिन्यांनी तपासणी ठरली. आजची टीएमटी म्हणजे आयुष्यभराची हमी नाही, हेही डॉक्टरांनी बजावलं. पळायला परवानगी दिली आणि एक नियम दिला: छातीवर दाब आला, नेहमीपेक्षा वेगळा दम लागला, चक्कर आली, तर घड्याळात काहीही दिसत असो, थांबायचं आणि लगेच दवाखाना गाठायचा. वयाच्या सूत्रावरही फार विसंबू नको म्हणाले. २२० वजा वय ही सरासरी आहे, एखाद्या माणसाचा आकडा त्यापेक्षा दहा-बारा ठोक्यांनी सहज इकडेतिकडे असतो. पळताना शेजाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे, रोजच्या सरावाला एवढी खूण पुरते.

त्या रात्री शीट उघडली आणि रकाने पुसायला लागलो. भीतीपोटी आलेले सगळे गेले. उरलेले प्रश्न साधे होते. अंतर आणि किलोमीटरचा वेग नीट दाखवतं का? घामेजल्या हाताने, पावसात वापरता येईल असं बटण आहे का? बॅटरी आठवडाभर पुरते का? छातीचा पट्टा जोडता येतो का? बिघडलं तर काय करायचं?

कोरोसचं पेस ३ होतं, २०२३मध्ये आलेलं, नायलॉनच्या पट्ट्यासकट जेमतेम ३० ग्रॅम आणि ड्युअल फ्रिक्वेन्सीचं. गार्मिनचं फोररनर १६५ होतं, २०२४चं, झळझळीत पडद्याचं. दोन्ही उत्तम. मी २०२१चं फोररनर ५५ घेतलं. टचस्क्रीन नाही, पाच बटणं, जीपीएस सुरू ठेवून वीस तासांची बॅटरी. माझे प्रश्न तेवढ्यात सुटत होते. वाचलेल्या पैशांतून छातीला बांधायचा पट्टा घेतला. तो हृदयाचा विद्युत संदेश थेट पकडतो, त्यामुळे पावलांच्या लयीने फसत नाही. घड्याळ आता मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, घट्ट बांधतो.

तुम्ही काय घ्यावं, हे मी सांगणार नाही. तुम्ही अरेरा कॉलनीत पळता की कोलारला, की परदेशातल्या एखाद्या टॉवरांच्या शहरात, त्यावर ते बदलेल. एवढंच सांगतो, की घड्याळांची यादी करण्याआधी आपल्याला नेमकं काय कळून घ्यायचं आहे ते कागदावर लिहा. त्यातले जे प्रश्न डॉक्टरांचे आहेत ते वेगळे काढा आणि आधी ते सोडवा. विशेषतः ज्यांच्या घरात कुणी साठीच्या आत गेलं आहे, त्यांनी.

मागच्या महिन्यात दादाचा फोन आला. त्याला नवीन घड्याळ घ्यायचंय. "तुझी ती प्रसिद्ध शीट पाठव ना," म्हणाला. तो आता ४१ वर्षांचा आहे. मी विचारलं, "टीएमटी कधी केली होतीस?" पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाला, "केलीच नाही रे कधी."

"रिपोर्ट पाठव, मग शीट पाठवतो," म्हटलं.

पुढच्या शनिवारची वेळ मिळाली आहे. शीट तयार आहे, अजून पाठवलेली नाही.